ब्राखमानच्या कागदांची शुभाताई

शुभाताई चांदोरकर आणि मी डब्लिनला एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. ओहायोमधलं डब्लिन. हे दरवेळी सांगावं लागतं, कारण नागपूरला माझी आई पाच वर्षं सगळ्यांना 'दीपा आयर्लंडला असते' असंच सांगत होती. मी एका इन्शुरन्स कंपनीत टेस्टिंग करायचे आणि शुभाताईचा नवरा अनिल त्याच कंपनीत प्रोग्रामर होता. २००१च्या मार्चमध्ये ती सहा वर्षांच्या रुचाला घेऊन त्याच्याकडे आली ती डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे राहायची परवानगी, नोकरी करायची नाही.

पुण्यात तिच्याकडे चाळीस मुलं पियानो शिकत होती. कॅम्पातल्या एका गोवेकर बाईंकडे ती सातव्या वर्षापासून शिकलेली. शिवाय पुण्यातल्या हुशार मुली करतात तसं जर्मन केलेलं, तेही अर्ध्यावर न सोडता. इथे आल्यावर अनिलने सेलमधून एक कीबोर्ड आणून दिला. तिने दोन दिवस वाजवला आणि रुचाला देऊन टाकला. "दाबलं की वाजतं, बस," ती मला म्हणाली. "बोटाला काही कळतच नाही."

२००२मध्ये अनिलचा जॉब गेला. चार महिने तो घरी होता. रोज सकाळी शर्ट-पँट घालून सोफ्यावर बसायचा आणि फोन वाजला की उभा राहून बोलायचा. त्या चार महिन्यांत घराबाहेर पडायचं निमित्त म्हणून शुभाताईने एक चर्च शोधलं. डब्लिनला लागूनच असलेल्या कोलंबस शहराच्या दक्षिणेला जुनी जर्मन वस्ती आहे, विटांची बुटकी घरं असलेली. तिथल्या एका चर्चच्या हॉलमध्ये चांगला पियानो होता आणि सकाळी तो कुणी वाजवत नसे. रुचाला शाळेत सोडून ती तिथे जायची. अनिलला पुढे दुसरी नोकरी लागली, ग्रीन कार्डचं सगळं पहिल्यापासून सुरू झालं, पण तिचं चर्चला जाणं थांबलं नाही.

तिथेच तिला ब्राखमान सापडला.

चर्चच्या कॉयरचे डायरेक्टर डॉ. लॉइड हार्टसेल हे संगीताचे निवृत्त प्रोफेसर होते. उंच, कायम स्वेटर घातलेले, बोलायला गोड. बाईला जर्मन येतं हे कळल्यावर त्यांनी तिला ऑर्गनच्या मागची खोली उघडून दाखवली. तिथे अकरा खोकी होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाचे कागद. "कुणालाच वाचता येत नाहीत," ते म्हणाले. "जुन्या जर्मन वळणाचं अक्षर आहे."

तिलाही ते वाचता येत नव्हतं. मग तिने लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि मुळाक्षरांपासून ते वळण गिरवलं. रुचा शेजारी बसून इंग्लिशचं स्पेलिंग करायची आणि आई तिच्याच वहीच्या मागच्या पानांवर जर्मन ए, बी, सी काढायची. तीन महिन्यांत ती वाचायला लागली.

त्यानंतर चार वर्षं मला तिच्या तोंडून दुसरा विषय आठवत नाही. कार्ल थिओडोर ब्राखमान हा थुरिंगियातल्या एका गावच्या ऑर्गन वाजवणाऱ्याचा मुलगा, जन्म १८२१. लाइपझिगला जाऊन शिकला. मोठ्या संगीतकारांच्या काळात जन्मला आणि त्यांच्या सावलीत राहिला. १८४९च्या राजाविरुद्धच्या बंडात मिरवणुकीसाठी गाणी लिहून दिली म्हणून पोलीस मागे लागले, तेव्हा बायकोला घेऊन जहाजात बसला आणि कोलंबसला पोचला. इथे तीस वर्षं त्याने चर्चमध्ये ऑर्गन वाजवला आणि दारू गाळणाऱ्यांच्या मुलींना पियानो शिकवला. रविवारच्या प्रार्थनेला सोपं, गोड काहीतरी लागायचं, ते तो लिहून द्यायचा. आणि त्याच कागदांच्या पाठीवर स्वतःसाठी लिहायचा: साठेक गाणी, दोन ट्रायो, आणि पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांच्यासाठी एक मोठी रचना, क्वार्टेट. ती त्याच्या हयातीत कधी वाजलीच नाही. वाजवणारे चार जणच जमले नाहीत.

"त्याने एका पत्रात लिहिलंय," शुभाताई मला एकदा किराणा घेताना म्हणाली, हातात तुरीच्या डाळीची पिशवी तशीच. "म्हणतो, इथली माणसं माझ्याशी चांगली वागतात, आणि मी कोण आहे हे कुणालाच माहीत नाही."

मी म्हटलं, "अगं, डाळ घे ना."

ती हसली. पण ते वाक्य तिने परत एकदा मनाशी म्हटलेलं मी ऐकलं.

आठवड्यातले चार दिवस ती तिथे जायची. हार्टसेल तासभर येऊन बसायचे, कॉफी प्यायचे, 'वंडरफुल' म्हणायचे. कागदांची यादी तिने केली, पत्रांची भाषांतरं तिने केली, प्रत्येक रचनेची तारीख शाई आणि कागद पाहून तिने ठरवली. क्वार्टेटची नोटेशन्स स्वच्छ करून कॉम्प्युटरवर घातली तीही तिनेच. ब्राखमानच्या मृत्यूनंतर कुणीतरी पेन्सिलने पानांना आकडे घातले होते आणि तिथे एक घोळ होता. क्वार्टेटचा संथ भाग मध्येच तुटल्यासारखा संपायचा. तिने महिनाभर डोकं घातलं. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला लावलेलं एक पान खरं तर संथ भागाचं शेवटचं पान आहे, हे तिने शोधून काढलं. त्या पानावर सोळा बार होते, म्हणजे तालाची सोळा आवर्तनं. बाकीची वाद्यं एकेक करून थांबतात आणि शेवटी व्हायोला एकटीच उरते. मागच्या बाजूला तारीख होती. ब्राखमानची बायको कॉलऱ्याने गेली त्याच्या नवव्या दिवसाची.

याबद्दल तिने इंग्लिशमध्ये सात पानांचं टिपण लिहिलं, एक प्रत हार्टसेलना दिली. त्या दिवशी घरी श्रीखंड केलं आणि मला बोलावलं. अनिलने विचारलं, "आज काय आहे?" ती म्हणाली, "एक पान जागेवर लागलं." अनिलने माझ्याकडे पाहिलं आणि श्रीखंड खाल्लं.

२००६च्या वसंतात एका युनिव्हर्सिटीच्या प्रकाशनाने ब्राखमानचं चरित्र आणि क्वार्टेट छापायचं ठरवलं. हार्टसेल तिला म्हणाले, "आपली दोघांची नावं." ती मला जिन्यातच भेटली आणि हात धरून म्हणाली, "दोघांची, दीपा. कव्हरवर."

सहा आठवड्यांनी सूर बदलला. प्रकाशकाला एकच संपादक सोयीचा वाटतो, असं हार्टसेल म्हणाले. तुमचे आभार मात्र नक्की मानू. हे बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते, पियानोच्या झाकणावर हात फिरवत होते, असं तिने मला सांगितलं. तिने "ओके" म्हटलं. पर्स उचलली, घरी आली आणि मग माझ्याकडे येऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली.

"भांडली का नाहीस?" मी विचारलं.

"कशाच्या जोरावर? मी कोण आहे इथे? माझ्या व्हिसावर काय लिहिलंय माहितेय ना? अमक्याची बायको."

संध्याकाळी मी तिच्याबरोबर वर गेले. अनिल जेवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना, यार. ग्रीन कार्ड होईपर्यंत कशाला उगाच लफडी? आणि नाव नसलं म्हणून काम थोडंच पुसलं जातं?"

"पुसलंच जातं," शुभाताई म्हणाली.

अनिलने भात कालवला. रुचा तेव्हा अकराची होती. ती टीव्हीवरून मान न वळवता म्हणाली, "Mom, you weren't even getting paid."

पुस्तक २००७च्या मार्चमध्ये आलं. आभारांच्या यादीत ती नववी होती, चर्चच्या चावीवाल्याच्या खाली: 'स्वयंसेवक मिसेस शुबा'. आडनाव नाही. एप्रिलमध्ये त्याच चर्चमध्ये क्वार्टेट पहिल्यांदा वाजलं. आम्ही चौघं गेलो. तिने मोरपंखी नारायण पेठ नेसली होती. अनिलने कॅमेरा आणला होता.

मला त्या संगीतातलं काही कळत नाही. पण संथ भाग सुरू झाला तेव्हा शेजारी बसलेल्या शुभाताईचा श्वास मला ऐकू येत होता. मग तो भाग एकदम, चांगला भरात असताना, तुटला. वादकांनी पानं उलटली. आणि शेवटचा भाग सुरू झाला तो एका एकट्या, हळू व्हायोलाने. तिने माझं मनगट धरलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथे तिच्या नखांच्या खुणा होत्या.

हार्टसेलनी तिचं टिपण वाचलंच नव्हतं. घोळ सुटायच्या आधी तिने पेन्सिलवाल्याच्या आकड्यांप्रमाणे कॉम्प्युटरवर घातलेली प्रतच त्यांनी छापली होती.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंतर ज्यूस पिताना एक बाई म्हणाली, तो मधला भाग असा अचानक संपतो, किती धाडसी आहे नाही? हार्टसेल म्हणाले, "ब्राखमान काळाच्या पुढे होता." शुभाताई चार फुटांवर होती. मी तिला कोपराने ढोसलं. ती पेपर प्लेट घेऊन पुढे सरकली आणि म्हणाली, "कुकीज छान आहेत."

गाडीत मी तिला म्हटलं, "सांगायचं होतंस."

"पुस्तक त्यांचं आहे," ती म्हणाली. "चूकही त्यांचीच असू दे."

ग्रीन कार्ड २००८च्या जूनमध्ये हातात पडलं. अनिलने पेढे वाटले, जुन्या ऑफिसातल्या लोकांनासुद्धा. ऑगस्टमध्ये हार्टसेलचा फोन आला. मी तेव्हा तिच्याकडेच बसले होते. फिलाडेल्फियाच्या कुणा पियानो वाजवणाऱ्या बाईने त्यांना पत्र लिहिलं होतं की, संथ भागाचा शेवट गहाळ वाटतो, मूळ कागद पाहिलेत का? पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती. "तुम्ही त्याबद्दल काहीतरी लिहून दिलं होतंत," हार्टसेल म्हणाले. "माझी प्रत सापडत नाहीये."

शुभाताईने फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच ती त्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलली. "तुम्ही माझं नाव काढलंत. चार वर्षं मी काम केलं आणि तुम्ही माझं नाव काढलंत."

हार्टसेल म्हणाले, "मिसेस चांदोरकर, मला तुमच्या नवऱ्याचा फोन आला होता. त्यांनी विनंती केली. पुस्तकावर नाव आलं तर तुम्ही नोकरी करत होतात असं सरकारला वाटेल, कार्ड अडकेल, असं म्हणाले. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"मला विचारलंत?"

"मी... नाही. नवरा-बायकोच्या मध्ये पडणं मला बरोबर वाटलं नाही."

तिने फोन बंद केला. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस." आम्ही अनिल येईपर्यंत बसून राहिलो. तो साडेसहाला आला, लॅपटॉपची बॅग खांद्यावरच होती.

"तू हार्टसेलला फोन केला होतास?"

अनिल माझ्याकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. खोटं बोलला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन. "हो. केला होता."

"लॉयरला विचारलं होतंस?"

"लॉयरला विचारलं असतं तर ते कुठेतरी कागदावर आलं असतं. मला रिस्क नको होती, शुभा. चार महिने घरी बसलो होतो मी. तुला नाही कळायचं ते."

"मला नाही कळायचं?" ती म्हणाली. "मी सात वर्षं घरी बसलेय."

त्याने बॅग खाली ठेवली. "आपल्या तिघांसाठीच केलं ना."

"दोन वर्षं मी त्या म्हाताऱ्याला चोर म्हणत होते. इथेच, याच टेबलावर. आणि तू समोर बसून जेवत होतास."

मी चपला घालून खाली आले.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, मी घरून काम करत होते. शुभाताई निळी फाइल घेऊन आली. "तुझ्याकडे ते कागद कातरायचं मशीन आहे ना?" ती म्हणाली. माझ्याकडे होतं, बँकेचे आणि व्हिसाचे जुने कागद नष्ट करायला घेतलेलं. फाइलमध्ये काय आहे ते मला न विचारता कळलं. घरच्या कॉम्प्युटरवरचं तिने आधीच पुसलं होतं.

"शुभाताई, यात ब्राखमानचा काय दोष?"

"काही नाही," ती म्हणाली. "पण हे देऊन काय होणार? दुसऱ्या आवृत्तीत हार्टसेल लिहितील, मी नव्याने संशोधन केलं. आणि अनिल म्हणेल, बघ, शेवटी सगळं नीट झालं ना! ते मला ऐकायचं नाहीये."

"तुझं नाव घालतील की आता. कार्ड आलंय."

"आता घातलेलं मला नकोय."

तिला थांबवायला हवं होतं. मूळ कागद अजून चर्चमध्ये आहेत, कुणीतरी कधीतरी बघेलच, असं मी मनाला सांगितलं. पण ते वळण वाचू शकणारं तिथे आता कुणी नाही, हेही मला माहीत होतं. तरी मीच वाकून मशीनची पिन लावली. मला तिची बाजू घ्यायची होती आणि दुसरी कुठली रीत मला त्या क्षणी सुचली नाही.

ती एकेक पान सोडत गेली. चौथ्या पानावर थांबली, काहीतरी वाचलं, माझ्या टेबलावरचं पेन उचलून एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि मग ते पानही मशीनमध्ये घातलं. सात पानांना मिनिटभरही लागलं नाही.

पुढच्या महिन्यात तिने एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला नोकरी धरली. फोन घेणं, अपॉइंटमेंट देणं. तिथे तिला लोक चांगलं वागवतात, असं ती सांगते. दुसरी आवृत्ती त्या वर्षाच्या शेवटी आली आणि संथ भाग त्यात होता तसाच आहे.