गव्हाच्या कोठीतली घड्याळं

"अहो, दार उघडा! आवाज तरी द्या!" वहिनी ओरडत होती आणि दोन्ही हातांनी कोठीच्या खोलीचं दार बडवत होती. उन्हाळ्यातली भर दुपार. आतून कडी. आत माझा मोठा भाऊ. दाराखालून लसूण सडल्यासारखा वास येत होता. तो वास मी ओळखला. कोठीतल्या गव्हात कीड मारायच्या गोळ्या सकाळी मीच टाकल्या होत्या, झाकणाची फटही मीच मातीने लिंपली होती.

दादाची जमीन महामार्गात गेली, मोबदल्याचा पैसा आला. लोकांनी बंगले बांधले, गाड्या घेतल्या. दादाला लागलं सोन्याच्या घड्याळांचं येड. साधी घड्याळं नव्हेत. बटण दाबलं की सेकंदाचा वेगळा काटा पळायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा. पाठीवर आकडा कोरलेला. सगळ्या जगात असली शंभर, त्यातलं हे एकसष्टावं! दादा त्यावर सगळं मोजायचा. म्हशीचं पान्हावणं, वहिनीची भाकर फुगणं, देऊळगाव राजाच्या एसटीचा उशीर. त्या एसटीपायी काटा दमून तीनवर बसला, असं मी लोकांना शपथेवर सांगत असे. रोज दुपारी दार लावून दादा एकेका घड्याळाला चावी द्यायचा. घड्याळ बंद पडलं की घरातलं कोणीतरी जातं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं. आम्ही हसायचो.

घड्याळं अकरा. दुसरबीडच्या फाट्यावर मी सतरा सांगायचो, शेगावच्या लॉजवर बावीस. सासुरवाडीत तर बोलता बोलता एक बैलाच्या गळ्यात बांधून टाकलं.

पण माझ्या फुशारक्या माझ्याआधी घरी पोचू लागल्या. एक अनोळखी माणूस कांद्याचा भाव विचारायला आला आणि कांद्याकडे न पाहता खिडकीचे गज पाहून गेला. मग मोटारसायकलवर दोघं आले. खाली न उतरताच एकाने विचारलं, "बावीस घड्याळंवाले तुम्हीच काय हो?"

"कोण बोललं बावीस?" दादा म्हणाला.

"बोलतेत लोक." दोघं हसले आणि निघून गेले.

बावीस कुठून निघाले हे अंगणात एकट्या मला माहीत होतं. मी सुपारी कातरत बसलो.

त्याच दिवशी दादाने कपाट रिकामं केलं. घड्याळं कुठे नेली ते वहिनीलाही सांगितलं नाही. आमच्याकडे सोनं लपवतात ते धान्यात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या टाकताना मला ते सुचलं नाही.

पहारीने दार उचकटलं. कोठीचं झाकण उघडं, लिंपलेली माती खाली सांडलेली, आणि दादा कोठीला टेकून बसल्यासारखा पडलेला. हात कोपरापर्यंत गव्हाने माखलेले. मुठीत एक घड्याळ. ओठ निळे. ओढत अंगणात आणला, तर ओकारीसुद्धा धड निघेना.

जालन्याला पाच दिवस ठेवला. "दार आणखी थोडा वेळ बंद राह्यलं असतं तर..." एवढं बोलून डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे वळले. हे मी जसंच्या तसं लिहितोय, पदरचं काही नाही.

मधल्या दिवसांत वहिनीने नाकाला पदर बांधून, गडी लावून कोठी उपसली. अकराच्या अकरा सापडली. गोळ्यांच्या विषारी वायूने सोन्यावर काळेतांबूस डाग चढले होते. सगळी बंद.

दादा घरी आला, ओसरीत निजला. मी पायथ्याशी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला साधं वाक्य जुळवायला वेळ लागला.

"दादा, गोळ्या मी टाकल्या होत्या. तुले सांगाले पाह्यजे होतं."

"मले माहीत होतं."

"माहीत होतं? मंग काऊन उघडली बे कोठी?"

दादाने कूस बदलली.

"चावी द्या लागते ना रोज."