बारीक माणसाची चरबी

मी बारीक. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत माझी ओळखच ती. लहानपणी वडिलांवर गेले म्हणून कौतुक व्हायचं, लग्नाचं वय झाल्यावर त्याचीच काळजी सुरू झाली. बघायला येणारी मंडळी आधी पोह्यांकडं बघत, मग माझ्या मनगटांकडं, आणि पोहे संपवून जात. दोन स्थळं अशी गेल्यावर आईनं माझ्या अंगावर मांस चढवायचं मनावर घेतलं. सकाळी सायीसकट म्हशीचं दूध, डब्यात तुपानं ओथंबलेल्या चपात्या, संध्याकाळी डिंकाचा लाडू.

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. आमच्याकडं एक पद्धत होती. नवीन किट आलं की आधी लॅबमधल्याच कुणाच्या तरी निरोगी रक्तावर चालवून बघायचं. त्या दिवशी ट्रायग्लिसराइडचं, म्हणजे रक्तातल्या चरबीचं किट आलं. डॉक्टर म्हणाले, "तुझंच घे. आपल्यात नॉर्मल तूच दिसतेस." मी मोठ्या ऐटीत हात पुढं केला.

मशीनमध्ये रक्त फिरवून नळी बाहेर काढली, तर वर स्वच्छ पिवळसर पाणी यायला हवं तिथं ताकासारखं पांढरट. आकडा नॉर्मलच्या दुपटीवर. डॉक्टरांनी आधी किटला नावं ठेवली. मग मला आठवलं, सकाळी मी पेलाभर दूध पिऊन आले होते. आम्ही पोट धरून हसलो. कारण हेच आमचे पेशंट रोज करायचे. "काही खाल्लं नाही ना?" विचारलं की छातीवर हात ठेवून सांगायचे, "न्हाय बाई, कडक उपास. नुसतं दूध घेतलंय." उपासाला दूध चालतं, मग रक्त द्यायलाही चालणारच, अशी सगळ्यांची ठाम समजूत. त्यांच्यावर मी किती वेळा खेकसले असेन!

आता खरंच उपाशी राहून रक्त द्यायचं होतं. घरी उगाच चौकशी नको म्हणून सांगितलं, सोमवार धरलाय. आई खूश झाली. चांगला नवरा मिळावा म्हणून असणार, असं तिनंच ठरवलं आणि दुधाचा पेला समोर धरला. "उपासाला चालतंय की." मी नको म्हणत गेले, ती पेला पुढं करत गेली. शेवटी निर्जळी उपास आहे म्हणून खोटं सांगितलं, तेव्हा सुटका झाली.

या खेपेला नळी पुष्कळ स्वच्छ होती. आकडा मात्र वरच. डॉक्टरांनी मग बाकीच्याही तपासण्या लावल्या. चांगलं कोलेस्टेरॉल कमी, उपाशीपोटीची साखर अगदी काठावर, लिव्हरचं एक एन्झाइम वाढलेलं. त्याच किटवर दुसऱ्यांची रक्तं व्यवस्थित येत होती, म्हणजे किटचा दोष नव्हता. डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं. म्हणाले, "चरबी कातडीखालीच साठते असं नाही. आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये बसली की बाहेरून पत्ता लागत नाही. रक्तावरून छातीठोक सांगता येत नाही, पण एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की संशय घ्यायचा. घरात कुणाला काही?"

मी म्हटलं, "वडील. हार्ट अटॅक. सेहेचाळिसाव्या वर्षी."

"जाड होते?"

"माझ्यासारखेच."

त्यांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला. तूप-साय बंद कर, रोज चाल, तीन महिन्यांनी परत बघू, एवढंच म्हणाले.

चालणं सोपं होतं. तूप बंद करायचं तर आईला कारण सांगावं लागणार होतं. वडील रोज पहाटे म्हशी उभ्या असतात त्या दूध कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं दूध पीत आणि घरी येऊन तिच्या हातचं तूप घातलेलं जेवत. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, एवढा काटक माणूस, दृष्ट लागली. त्या एका शब्दाच्या आधारानं आईनं बारा वर्षं काढली होती. माझा रिपोर्ट तिला सांगायचा म्हणजे तो आधार काढून घ्यायचा. आई शिकलेली नव्हती, पण तिला दोनात दोन मिळवता येत होते.

रिपोर्ट मी लॅबच्या खणात ठेवला. डब्यातली चपाती निपटून तूप पुसून काढायचे. घरी ती सोय नव्हती. एका खोलीत चूल, जेवण, झोप सगळं. ती समोर बसून माझा घास मोजायची. आमच्यात पानात टाकत नाहीत आणि वाढणाऱ्या हाताला नको म्हटलं की भांडण ठरलेलं. जेवायची वेळ आली की माझा जीव कोंडायचा. बाहेर पळून जावंसं वाटायचं, आणि जाणार कुठं? आईच्या मायेची मला भीती वाटायला लागली होती. हे लिहिताना अजून लाज वाटते.

मग कोडोलीहून तिसरं स्थळ आलं. त्या आठवड्यात तिनं भातावर तुपाचा दुसरा चमचा धरला आणि माझा तोल गेला. मी तिचा हात ढकलला. तूप चटईवर सांडलं.

"माझ्या पोटात चरबी झालीय," मी ओरडले. "रक्तात दिसतीय. बारीक असलं तरी होते. हे खाऊन मरायचंय का मला?"

आई चटईकडं बघत राहिली. रागावली नाही. म्हणाली, "बारीक माणसाला बी हुतंय?"

"कधी कधी."

"त्यांचं बी तसंच असंल?"

"नाही आई. त्यांचं वेगळं होतं."

"तुला कसं ठावं? त्यांचं रगत कुणी काढलं हुतं?"

मी फडकं घेऊन चटईवरचं तूप टिपायला लागले. ती हळूच म्हणाली, "मी रोज तूप घातलं की गं त्यास्नी. नको म्हणायचे, तरी घातलं."

मला ते ऐकवेना. मी ताट पुढं सरकवलं आणि म्हटलं, "वाढ की. तूप घाल. मला भूक लागलीय."

तिनं तुपाच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.