भिंगांची तपासणी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील जळगावच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे. त्यांना सही करायला मी शिकवलं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ज्याच्या घरी चार पिढ्या शिकलेल्या असतील त्याने खुशाल सांगू नये.

कॉलेजात मला भडगावकडचा एक मित्र मिळाला. घरचा किराणा, बोलणं निम्मं अहिराणी, आणि डोक्यात माझ्यासारखंच फोटोंचं खूळ. दोघांनी मिळून एक जुना कॅमेरा घेतला. म्हणजे बॉडी दोघांची, भिंगं ज्याची त्याची. माझं भिंग जर्मन, लढाईच्या आधीचं, पितळेचं, हातावर घेतलं की ऐवज घेतल्यासारखं वाटायचं. त्याचं जपानी, नवंकोरं, मामाने मुंबईहून आणलेलं, उजेडात तिरकं धरलं की जांभळं चमकायचं. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या हाडवैरी, पण आटे सारखेच, त्यामुळे दोन्ही भिंगं आमच्या एकाच बॉडीवर गुमान बसायची. आम्ही तेवढे गुमान बसत नव्हतो. तो माझ्या भिंगाला आजोबा म्हणायचा. आजोबांना ऊन सोसत नाही, लगेच डोळ्यांपुढे धुकं येतं, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. मी म्हणायचो, तुझ्या भिंगातून माणसाच्या मिशीचा केस न् केस दिसतो, फक्त माणूस दिसत नाही.

डिग्री हातात आली आणि पंचाईत झाली. मला धुळ्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवायची नोकरी लागली. तो जळगावात दुकान टाकून बसणार होता. भिंगं दोन, बॉडी एक. आणि बॉडीशिवाय भिंग म्हणजे टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवायची वस्तू. शेवटी ठरलं, ज्याचं भिंग सरस निघेल, बॉडी त्याची. कसं ठरवायचं ते मी सांगितलं. समोर बारीक अक्षरं असलेल्या पाट्यांची रांग हवी, कॅमेरा तिपाईवर घट्ट, भिंगाचं तोंड पूर्ण उघडं, एक फोटो माझ्या भिंगाने, एक त्याच्या. कोपऱ्यातली अक्षरं ज्यात वाचता येतील तो जिंकला. भिंग मधोमध सगळ्यांचंच चांगलं असतं. त्याची खरी परीक्षा कोपऱ्यात.

एका रविवारी तो जळगावहून एस.टी.ने आला आणि आम्ही धुळ्याच्या बाजारात एका कापडदुकानासमोर तिपाई रोवली. मधोमध मारवाडी शेठचं कापडाचं दुकान, डावीकडे शिंपी, उजवीकडे अगदी कडेला कल्हईवाल्याची उघडी टपरी. तिच्या पाटीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'येथे भांड्यांना चोख कल्हई करून मिळेल'. बाकी सगळ्यांनी दुकानापुढे बांबू रोवून ताडपत्रीची छपरं थेट रस्त्यावर आणलेली होती.

आमच्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी असते. तीत एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचं कडं फिरवत त्या एकमेकींवर बसवायच्या. मी शेठच्या पाटीवरचा 'क' धरून त्या बसवत होतो आणि मित्र कडेच्या पाट्या मोठ्याने वाचून बघत होता. दोघांचेही शर्ट खोचलेले, माझ्या खिशाला पेन. मी माझा फोटो काढला आणि भिंग बदलायला घेतलं, तेवढ्यात शेठ स्वतः रस्ता ओलांडून आले. काय चाललंय म्हणून त्यांनी हात जोडून विचारलं. मित्राने वर न बघता सांगितलं, "तपासणी आहे, शेठ."

खरं तेच सांगितलं त्याने. पण नगरपालिका रस्त्यावरची छपरं काढणार अशी बाजारात महिनाभर कुजबुज होती, ते आम्हाला काय माहीत. शेठ परत गेले. आमच्यासाठी दोन चहा आले, स्पेशल. मी जपानी भिंग बसवून खिडकीत बघतो तर समोरची रांग ओळखू येईना. शेठचं छप्पर गेलेलं, शिंप्याचं निघत होतं, पलीकडे दोघं बांबू उपटत होते. रस्ता एवढा रुंद आहे हे बहुतेक धुळ्याला त्या दिवशी कळलं. मी दुसरा फोटो काढला आणि मग जाऊन शेठना खरा प्रकार सांगितला. ते आधी चिडले, मग खदखदून हसले, आणि दोन्ही फोटो दाखवायचे असं कबूल करून घेतलं.

पुढच्या रविवारी दोन्ही फोटो मोठे करून घेतले. मधली अक्षरं दोन्हींत स्वच्छ. कोपऱ्यात मात्र माझ्या भिंगात 'चोख'पर्यंत गाडी यायची आणि पुढे कल्हई विरघळून जायची. त्याच्यात शेवटच्या 'मिळेल'पर्यंत सगळं वाचता येत होतं. मी म्हटलं, तुझ्या वेळी छपरं निघाली, ऊन पडलं, हा प्रयोग बरोबर नाही. तो म्हणाला, कल्हईवाल्याला छप्पर होतंच कुठे. पण भिंग माझं होतं; मी अडून बसलो की तिसऱ्या माणसाने ठरवावं.

तिसरा माणूस शेठ. छपरं सगळी परत उभी होती. त्यांनी दोन्ही फोटो गादीवर ठेवले, बघितले न बघितले, आणि माझा उचलला.

"हा चांगला. यात माझं छप्पर आहे. दुसऱ्यात दुकान नागडं दिसतं."

"शेठ, अक्षरं बघा ना, अक्षरं," मित्र काकुळतीला आला.

"अक्षरं मीच रंगवून घेतलीत. काय लिहिलंय ते मला माहीत आहे."

मित्र दुकानदाराचा मुलगा. दिला शब्द पाळायचा. त्याने कॅमेऱ्यावरचं आपलं भिंग फिरवून काढलं, खिशात टाकलं आणि बॉडी माझ्या हातात दिली. मी माझं भिंग चढवलं. बॉडी माझी झाली होती, कायमची, आणि मला त्यातून काही बघावंसं वाटेना. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. जळगावची गाडी लागलेली होती. मी माझं भिंग उतरवलं आणि बॉडी त्याच्या पिशवीत सारली.

"छपरावर जिंकलेला कॅमेरा मला नको. कल्हई तुझ्यात वाचता येते, माझ्यात येत नाही."

त्याने पिशवी पुन्हा उघडून बघितली. "येडा शे का रे तू? जिकेल कॅमेरा कोनी देस का?"

मी म्हटलं, गाडी सुटेल, बस आत. खिडकीतून तो ओरडत होता की दर रविवारी जळगावला यायचं आणि आजोबांना घेऊन यायचं. मी पुढे बरीच वर्षं जात राहिलो.

त्या दिवशी स्टँडवरून परत येताना शेठनी हाक मारली. शेजारच्या दुकानदारांनाही छपरासकट फोटो हवे होते, कधी काढता म्हणाले. मी सांगितलं, कॅमेरा गेला जळगावला.

"जिंकलेला देऊन टाकला? कॉलेजात हेच शिकवतात का, मास्तर?"

"हेच शिकवतात," मी म्हणालो.

शेठनी कपाळाला हात लावला, आणि गादीवर सरकून मला बसायला जागा केली.