घोडीबरोबर गेलेली बकरी

कोन गावाजवळच्या घोडेस्वारीच्या क्लासला मी दर रविवारी मुलीला घेऊन जायचो. तिथले घोडे सांभाळणारा माणूस सुकापूरचा होता, पन्नाशीचा. तो फार कमी बोलायचा, आणि बोललाच तर समोरच्या माणसाऐवजी घोड्याकडे बघून.

तबेल्यातली पांढरी घोडी दिवसभर दारात उभी राहून डावी-उजवीकडे डुलत असायची. शेजारचा घोडा मेल्यापासून तिला ही सवय लागली होती. डुलून डुलून तिचे पुढचे पाय सुजले होते.

"आखूड बांध तिला, म्हणजे बंद होईल," क्लासचा मालक एकदा माझ्यादेखत त्या घोडेवाल्याला म्हणाला.

"डुलायची बंद व्हईल," घोडीची मान चोळत घोडेवाला म्हणाला, "पन आतून घाबरलीय, त्याचा काय?"

त्याने तिला बांधलं नाही. दिवसातून सात-आठदा थोडं थोडं गवत टाकलं, तासन् तास मोकळं फिरवलं. शेवटी घरची बकरी आणून तिच्याजवळ सोडली. महिन्याभरात घोडी बकरीच्या पाठीवर तोंड टेकून शांत उभी राहू लागली.

पुढे ती जागा बिल्डरने घेतली आणि मालकाने घोडे विकले. घोडीला न्यायला ट्रक आला, तेव्हा घोडेवाल्याने बकरीलाही उचलून आत चढवलं.

"अहो, बकरी तुमची ना?" मी विचारलं.

"आता तिची हाय. एकटी कशी जाईल ती?"

मग तो ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला. "दादा, दोघींना एकाच जागी ठेवा. तुमच्या शेठला सांगा."

ड्रायव्हरने फोनवर बोलता बोलता मान हलवली. घोडेवाल्याने तेच पुन्हा सांगितलं, तोवर ट्रक हलला होता.