बक्कलवाल्या मॅडम

नागपूरच्या उन्हाळ्यात भलेभले नुसत्या स्लीपरवर बाजार करून येतात, पण मॅडमच्या पायात ऐन मे महिन्यातही बक्कलवाल्या काळ्या सँडल. कामठीहून शेअर ऑटोने त्या जरीपटक्याला यायच्या आणि बाजारातल्या एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. जिना चढण्याआधी वाकून दोन्ही बक्कलं चाचपायच्या, मगच पहिली पायरी. आम्ही त्यांना बक्कलवाल्या मॅडम म्हणतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना ते आवडतही असावं.

या बक्कलांचं कोडं उलगडलं ते एका निबंधामुळे. आमच्यातल्या एकाने तो ऑटोत बसल्या बसल्या उरकून आणला होता. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, स्लिपशॉड. म्हणाल्या, इंग्रजांकडे घरात घालायच्या सैल सपाता असत, पाय सरकवला की झालं. त्याच घालून फटफटत जो बाहेर पडे, तो स्लिपशॉड. आधी हा शब्द पायांपुरता होता, मग तो माणसाच्या कामालाच चिकटला.

निबंधवाला काही कमी नव्हता. म्हणाला, मॅडम, मग आपलं अर्धं नागपूर स्लिपशॉडच की. वर्ग हसला, मॅडमही हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "चपलेचा दोष नाही गा. लिहिताना तुयं मन कुठं होतं, थे सांग." त्याने निबंध पुन्हा लिहून आणला.

त्यांचे वडील कामठीत पॉवरलूमवर होते. ढिला धागा पुढे गेला की सगळं कापड खराब, हे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. एकदा घरी जायला ऑटोत बसल्या आणि आठवलं की एका मुलीची शंका घाईत उडवून लावली. भरलेल्या ऑटोतून उतरल्या, जिना चढून आल्या आणि तिला सगळं नीट समजावलं. आम्हाला तेव्हा हे वेड वाटायचं. आज शिकवताना कळतं, हे वेड किती थोड्यांना असतं.

पुढे मी त्याच खोलीत लहान वर्गांना शिकवू लागले. मॅडमनंतर त्यांचा मोठा वर्ग मला मिळावा, एवढी एकच इच्छा होती. विषय काढला की त्या म्हणायच्या, "पाहू." माझा हात चटचट चालतो, आणि चटचट कामावर त्यांचा भरवसा नव्हता.

मग गुडघ्यांनी दगा दिला. पुण्याला राहणारा त्यांचा मुलगा न्यायला आला. शेवटचा तास घेऊनच निघेन, असं त्यांनी त्याला बजावलं. पाय सुजले होते म्हणून सँडल काढून शिकवलं. तास संपला तसा मुलगा खालून गाडीच्या वेळेची आठवण देऊ लागला. मॅडमना वाकवेना. मी खाली बसले. डोळे भरून आले होते, त्यातच बक्कलं कशीबशी अडकवली.

त्यांनी पाय हलवून पाहिला.

"काहून रडून राहिली वं? हे ढिलं लागलं. काढ अन् पुन्हा लाव."

मुलगा पुन्हा हाक मारत होता. मी डोळे पुसले, दोन्ही बक्कलं काढली आणि सावकाश, भोक पाहून, पट्टा ओढून पुन्हा लावली. मॅडम उठल्या. जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी दोन्ही पाय टेकवून पाहिले.

"आता बसलं," म्हणाल्या, आणि पर्समधून खोलीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.