कर्नाटकाचे चार नकाशे

लिहिण्याइतकी माझी तयारी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. स्केचपेनचा वास आला की मला आंदर मावळातली आमची पडवी आठवते. शेजारच्या राज्यांचं मत निवडणुकीगणिक कसं बदलतं, हा माझा प्रकल्प होता. गुजरातचा रंग वर्षानुवर्षं तोच, त्याला एकच नकाशा पुरला. कर्नाटक मात्र दर खेपेला पालटलेलं, म्हणून त्याचे चार नकाशे पक्षांच्या रंगांत रंगवले, पण त्यांवर सालं लिहायची राहिली. भातखाचरांवरून वारा आला आणि कागद एकमेकांत मिसळले. सकाळच्या एसटीनं जाऊन ते सरांना द्यायचे होते, मोबाईलला रेंज नव्हती, मी रडकुंडीला आलो. शेजारचे आबा जन्मभर कर्नाटकाच्या रस्त्यांवर ट्रक चालवलेले. ते हसले, “कॉलेजात जातोस आन् साल लिवायचं इसरतोस व्हय?” मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, “हितं हुबळीकडं रंग फिरलाय बघ. तवा तिथल्या ढाबेवाल्यानं समद्यास्नी पेढं वाटलं. माझ्या थोरलीच्या लग्नाचं साल ते.” दुसरा कागद उचलला, “आन् ह्या टायमाला त्यानं च्या बी धड दिला न्हाई, त्याचा मानूस पडलाता.” असे ढाबे आठवत त्यांनी चारही कागद क्रमानं लावले. त्यांच्यावर भरवसा ठेवून मी सालं लिहिली, पण धाकधूक राहिलीच. सकाळी जाऊन ते सरांना दिले. आठवड्यानं वडगावला एसटीतून उतरलो, मोबाईलला रेंज आली, तेव्हा सरांचा मेसेज आला: “क्रम अगदी बरोबर आहे. तोंडी परीक्षेला आबांनाही घेऊन ये.”