माझ्या छताचं पाणी आणि सलीमभाईची विहीर

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, उरलेलं अर्धं तिनं कधी विचारलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

सुरुवात बाबांपासून करावी लागेल. डोणगावात आमच्या बाबांचं काम म्हणजे विहिरींचा गाळ काढणं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की दोराला धरून खाली उतरायचं आणि लोकांचा गाळ टोपल्यांत भरून वर पाठवायचा. आमची स्वतःची विहीर नव्हती. विहीर मावेल एवढी जागाच नव्हती. संध्याकाळी बाबा घरी येत तेव्हा नखांत, कानांत, पापण्यांवर काळा गाळ. आई दुसऱ्यांच्या विहिरीवर तासभर थांबून दोन पितळी गुंड भरून पाणी आणायची, त्यातला एक बाबांच्या अंगावरच संपायचा. शाळेत पोरं मला ‘गाळ्या’ म्हणत.

मी बीएस्सी झालो. आमच्या घराण्यातला पहिला. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो, त्यात मला लाज नाही. शाळेत नोकरी लागली, गावाच्या कडेला नव्या लेआउटमध्ये घर बांधलं, आणि बांधतानाच ठरवलं की छताचं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही. छतावरून पाइप, पाइपातून वाळू-गिट्टी-कोळशाची फिल्टरची टाकी, तिथून पाणी जिरवायचा खड्डा. आमच्या गल्लीतला पहिला. लोक बघायला आले.

खड्डा करून देणाऱ्या इंजिनिअरनं जाताना दोन गोष्टी सांगितल्या. दर मे महिन्यात टाकी रिकामी करून वाळू-गिट्टी धुवायची, कोळसा बदलायचा. आणि पहिले दोन पाऊस बाजूचं टोपण उघडून छत धुतलेलं पाणी बाहेर सोडून द्यायचं. मग हसून म्हणाला, “सर, बांधणं सोपं हाय. घरवाला सांभाळते का, तेच पाहा लागते.”

मी सांभाळलं नाही.

पाठ मात्र केलं. गल्लीत तीन घरांना मी समजावून सांगितलं, त्यांनी खड्डे केले, मे आला की ते टाकी धुतातही. मी तीन वर्षं माझी टाकी उघडली नाही. म्हणजे — एकदा उघडली. पहिल्या मे महिन्यात. टाकी गेटजवळ, अगदी रस्त्याला लागून. आत कोपरापर्यंत हात घालावा लागतो. झाकण उचललं तर वाळूवर काळा, चिकट थर. मला बाबांची नखं दिसली. तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी “नमस्कार सर” म्हणालं, आणि मी झाकण खाली टाकलं.

माणूस लावता आला असता. का नाही लावला? त्याच्या नखांतला गाळ उभा राहून बघवला नसता म्हणून? की हे मी आता जुळवून सांगतोय? टोपणही उघडलं नाही — गेटसमोर चिखल होतो, एवढ्यासाठी. आणि वर छतावर तर कबुतरांचा मुक्कामच.

आमच्या कुंपणापलीकडे सलीमभाई राहतात. गाद्या भरतात, रुई पिंजतात. त्यांच्या अंगणात जुनी विहीर आहे, माझ्या खड्ड्यापासून वीसेक पावलांवर. त्या विहिरीवर चार घरं पाणी भरत. आम्हीही भरत होतो — सलीमभाईंनी कधी कोणाला थांबवलं नाही. विहिरीजवळच त्यांच्या तीन बकऱ्या बांधलेल्या असत.

तिसऱ्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. गल्लीत जुलाब सुरू झाले. सलीमभाईंच्या नातीला मेहकरला नेऊन सलाईन लावावं लागलं. पोरगी वाचली, पण गल्लीला कारण पाहिजे होतं, आणि बकऱ्या समोरच होत्या. पलीकडचे पुंडलिकभाऊ कुंपणावरूनच ओरडले, “काऊन हो सलीमभाई, आता लेंड्यायचाच चहा पाजता का आम्हाले?” लोक हसले. सलीमभाई हसले नाहीत.

मला तेव्हा माहीत होतं का? हो. संशय नव्हता, माहीत होतं. फिल्टर घाण राहिला तर घाण खड्ड्यात उतरते, आणि आपल्याकडच्या मुरमाच्या भेगांतून जवळच्या विहिरीत जाते — हे मीच तीन घरांत जाऊन सांगितलं होतं. माझ्याच तोंडानं.

त्या संध्याकाळी सलीमभाई माझ्याकडे आले. आत या म्हटलं तरी गेटपाशीच थांबले. टाकीच्या झाकणावर हात टेकवून उभे राहिले.

“सर, तुमी शिकेल माणूस आहा. तुमीच सांगा. बकऱ्यायच्यानंच झालं का हे? मले तं काही समजून नाही राह्यलं.”

मी म्हणालो, “असू शकते.”

एवढंच. दोन शब्द. बीएस्सी झालेल्या माणसाचे.

पुढच्या बाजारात त्यांनी तिन्ही बकऱ्या विकल्या. त्यातली एक त्या नातीच्या जन्माच्या वेळी आणलेली होती, पोरगी तिच्या मागे मागे चालायला शिकली होती. बकऱ्या गेल्या, तरी वास राहिला. शुक्रवारी दुपारी सलीमभाई नमाजला गेले, गल्लीत कोणी नव्हतं, तेव्हा मी टाकी उघडली. तोच वास. अगदी तोच. आत पिसं, अंड्यांची टरफलं, मेलेलं कबुतराचं पिल्लू. मी उभाच राहिलो. बायको म्हणाली, “तुम्हाले लाज वाटत असन तं राहू द्या, मी काढीन.” मग मी हात घातला. सगळं उपसलं, वाळू धुतली, नवा कोळसा भरला, त्या पावसाळ्यापुरता पाइप बंद केला. ग्रामपंचायतीच्या माणसानं त्याच आठवड्यात विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली. पंधरा-वीस दिवसांत पाणी साफ झालं.

आणि गल्ली काय म्हणाली? बकऱ्या गेल्या, पाणी सुधारलं. सर बरोबर बोलले.

सलीमभाई तर आजही नव्या माणसाला सांगतात, “सरनं सांगलं म्हणून वाचलो बा आमी.” ईदला शीरखुर्म्याचं पहिलं भांडं आमच्याकडे येतं. मी ते घेतो. खातोही. खाताना काय वाटतं ते मला सांगता येत नाही — लाज म्हणावं तर घास खाली उतरतो, आणि सवय म्हणावं तर उतरत नाही. कितीदा कुंपणापर्यंत गेलो. एकदा तर “सलीमभाई” अशी हाकही मारली. ते वळले, मी विचारलं, “गाद्या भरून द्याल का दोन?” दोन गाद्यांची मला काय गरज होती?

आता बाबा नाहीत. ते काम करत असताना मी एकदाही विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिलो नव्हतो, हे मला टाकी धुताना आठवतं.

दर मे महिन्यात मी टाकी धुतो. भर दुपारी नाही, सकाळी, रस्ता वाहता असताना, गेट उघडं ठेवून. पहिले दोन पाऊस टोपण उघडं असतं, गेटसमोर चिखल होतो. खड्डा नीट पाणी घेतो. सलीमभाईंच्या विहिरीला वास नाही, एप्रिलपर्यंत पाणी टिकतं, चार घरं भरतात. त्यांच्या अंगणात बकऱ्यांचे तीन खुंटे अजून तसेच ठोकलेले आहेत.